बाटली कधी फोडली?

पौष महिन्यात निपाणीच्या शिवारात तंबाखूची कापणी चालू असते. कापलेली झाडं रानातच उन्हाला आडवी पडलेली असतात. दुपार तापली की त्यांचा उग्र वास धुळीबरोबर गावात शिरतो, दांडीवरच्या कपड्यांत बसतो आणि तान्ह्या पोरांना शिंका आणतो. एरवी त्या शिंकांकडे कुणी लक्ष देत नाही. 2022 च्या जानेवारीत मात्र घरात कुणी शिंकलं की सगळ्यांच्या माना वळायच्या. करोनाची तिसरी लाट आली होती. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळीच्या टोलनाक्यावर पोलीस कोल्हापूरकडून येणाऱ्यांचे रिपोर्ट विचारत होते, आणि दूधगंगेच्या पुलापलीकडे माहेर असलेल्या बायका संक्रांतीला जायचं की नाही याचा विचार करत होत्या.

आमच्या घरी त्या महिन्यात दोन लसी ठरायच्या होत्या. थोरल्या मुलाचा मुलगा अकरावीत. 2007 किंवा त्याआधी जन्मलेल्यांना 3 जानेवारीपासून कोव्हॅक्सिन मिळू लागली होती, त्यात तो बसत होता. धाकट्या मुलाची मुलगी दहाव्या महिन्यात. तिची गोवर-रुबेलाची पहिली सुई, जी नऊ महिने पुरे झाल्यावर द्यायची, ती राहिली होती. घरात चर्चा सगळी थोरल्याच्या लसीची. धाकटीच्या सुईचं कुणी बोलतच नव्हतं. ती तर द्यायचीच असते, आज नाही तर पुढच्या वेळी.

मग रामदुर्ग तालुक्यातली बातमी आली.

रामदुर्ग आमच्याच बेळगाव जिल्ह्यात, पण निपाणीच्या अगदी दुसऱ्या टोकाला, मलप्रभेच्या अंगाला. तिथल्या सालहळ्ळी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, संक्रांतीच्या आगेमागे, गोवर-रुबेलाची लस दिलेली तीन बाळं दगावली. वर्ष-सव्वा वर्षाची. प्राथमिक चौकशीत लस ठेवण्यात आणि हाताळण्यात हलगर्जीपणा झाल्याचं पुढं आलं, आणि दोन कर्मचारी निलंबित झाले. वर्तमानपत्रात बातमी यायच्या आत ती फोनवरून आमच्या गल्लीत पोचली होती. कन्नडमध्ये आली, मराठीत आली, आणि दर फोनागणिक तिच्यातलं काहीतरी गळत गेलं. आधी ‘गोवराची लस’ यातला गोवर गळाला. मग गावाचं नाव गळालं. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या तेव्हा उरलं होतं ते एवढंच, की बेळगावात लस टोचली आणि लेकरं गेली.

त्याच दिवसांत आमच्या नातीचं बोरन्हाण ठेवलं होतं. पाटावर तिला बसवलं, हलव्याचे दागिने घातले, चुरमुरे, बोरं, उसाचे करवे डोक्यावरून ओतले. गल्लीतली पोरं ते वेचायला तुटून पडली. बोरन्हाण घातलं की ऋतू बदलताना बाळाला बाधा होत नाही असं आमच्याकडे मानतात. धाकटी सून ओवाळत होती, हसत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. बायका हळदीकुंकू घेऊन गेल्या, आणि सांडलेले चुरमुरे गोळा करता करता ती म्हणाली, “आई, मी हिला सुई देणार न्हाई. निदान आत्ता तरी न्हाई.”

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. अशा वेळी तोंडातून जे धडे बाहेर पडायला बघतात ते मी गिळले. कारण ती अडाणी नव्हती आणि हट्टीही नव्हती. या मुलीच्या सुयांसाठी तिनं जे सोसलं होतं ते मला ठाऊक होतं. बाळंतपणाला ती माहेरी, कागलच्या पुढच्या एका गावात गेली होती. मार्चअखेर मुलगी झाली आणि पाठोपाठ दुसरी लाट उसळली. सहाव्या आठवड्याची सुई मेच्या मध्यावर आली, तेव्हा दोन्ही राज्यांत सगळं बंद. इकडे यावं तर नाक्यावर अडवणार. तिथल्या दवाखान्यात जावं तर करोनाची माणसं. आई-लेकीनं बाळाला पदराखाली घेऊन, दोन-दोन मास्क लावून, आशाताईंनी सांगितलेली वेळ साधून ती सुई दिली. कार्ड महाराष्ट्राचं. पुढं सासरी आल्यावर इथल्या नर्सबाईंनी कर्नाटकाच्या कार्डावर त्या नोंदी उतरवून घेतल्या, आणि बारीक अक्षरात मागच्या तारखा लिहिल्या. सीमाभागातल्या कितीतरी लेकरांच्या नशिबी अशी दोन कार्डं असतात. माहेरी एक, सासरी एक. हरवू नयेत म्हणून सुनेनं ती दोन्ही देवघरातल्या पोथीच्या कापडात गुंडाळून ठेवली होती.

नदीच्या दोन तीरांवर लसीसुद्धा एकाच वेळी येत नाहीत. गोवर-रुबेलाची मोठी मोहीम कर्नाटकात 2017 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. नऊ महिन्यांच्या बाळापासून पंधरा वर्षांच्या मुलापर्यंत सगळ्यांना, शाळाशाळांतून. तेव्हा फोनवर अफवांचा पूर आला होता. आमच्या शाळेत पालक फाटकाशी उभे राहून विचारत होते, ‘कागलच्या पोरांना नाही, मग आमच्याच पोरांना का?’ प्रश्न बिनबुडाचा नव्हता. महाराष्ट्रात ती मोहीम 2018 च्या नोव्हेंबरअखेर आली. मधल्या पावणेदोन वर्षांत एका आजीच्या अंगाखांद्यावरची नातवंडं, इकडची टोचलेली आणि तिकडची न टोचलेली, एकाच जत्रेत हिंडत होती. सरकारांच्या वेळापत्रकातलं अंतर आईच्या मनात शंका होऊन उतरतं, हे मी तेव्हा फाटकाशी उभी राहून पाहिलं.

तर सून म्हणाली, आत्ता नाही. तिचा नवरा म्हणाला, तुझ्या मनाला येईल तसं कर. हे ऐकायला मोकळं वाटतं, पण त्यात सगळं ओझं तिच्याच डोक्यावर. आईच्या मनातला तराजू मी त्या आठवड्यात फार जवळून पाहिला. त्याची दोन पारडी मुळातच सारखी नसतात. सुई दिली आणि काही झालं, तर ते आपल्या हातानं झालं. सुई दिली नाही आणि गोवर निघाला, तर तो आला म्हणायचं. येणाऱ्याला कोण अडवणार? आमच्या लहानपणी गोवर निघालेल्या पोराच्या उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवत, न्हाऊ घालत नसत, आणि मरगूबाईला दहीभाताचा नैवेद्य जाई. त्यात गेलेल्या लेकरासाठी आईनं आयुष्यभर रडावं, पण तिला कुणी गुन्हेगार ठरवत नसे. लस आली आणि आईकडे निवड आली. निवडीबरोबर अपराधाचं भय आलं. डॉक्टर आकडे सांगतात ते खरेच असतात, पण तिच्यापुढचा आकडा एकच असतो आणि तो तिच्या मांडीवर झोपलेला असतो.

आजारांची भीतीही खऱ्या मापानं येत नाही. 2021 च्या उन्हाळ्यात देशभर एकच घोष होता, तिसरी लाट मुलांवर येणार. जिल्ह्याजिल्ह्यांत मुलांचे वॉर्ड सजले. आयांनी पोरांना अंगणातही सोडलं नाही. आणि त्याच जून-जुलैत आयसीएमआरनं देशभर रक्त तपासलं, तेव्हा सहा ते नऊ वर्षांच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे 57 टक्के मुलांच्या अंगी करोनाची प्रतिपिंडं निघाली. आजार त्यांच्या घरात येऊन, बहुतेकांना न जाणवता, निघून गेला होता. थोड्या मुलांना नंतर अंगभर सूज, ताप, हृदयाचा त्रास झाला. त्यांच्या घरच्यांचे हाल मी हलके लेखत नाही. पण तान्ह्या बाळापुरतं बोलायचं तर जवळ उभा असलेला वाघ गोवर होता. गोवराचा एक रोगी आजूबाजूच्या बारा ते अठरा असुरक्षित माणसांना तो देतो. पुरळ मावळल्यावर न्यूमोनिया, हगवण मागून येतात आणि लेकरू त्यांत जातं. करोनाच्या काळात हातचे कर्मचारी तिकडे वळले, लसीचे दिवस चुकले. 2021 या एका वर्षात जगातल्या अडीच कोटी बाळांच्या नेहमीच्या सुया अपुऱ्या राहिल्या. त्याची फळं पुढं 2022 च्या पावसाळ्यानंतर मुंबईत गोवंडीला दिसली. मग भिवंडीत, मालेगावात. पण हे सगळं नंतरचं. जानेवारीत आम्हाला दिसत होतं ते फक्त रामदुर्ग.

थोरल्या नातवाचं सोपं झालं. तो मित्रांबरोबर गेला, लस घेतली, दंड दुखतो म्हणून एक रात्र कण्हला, दुसऱ्या दिवशी मैदानावर. त्याच्या लसीबद्दल आमच्याकडे वेगळाच भरवसा होता. 2020 च्या जुलैत कोव्हॅक्सिनची माणसांवरची पहिली चाचणी देशातल्या ज्या बारा ठिकाणी ठरली, त्यांत बेळगावचं जीवनरेखा हॉस्पिटल होतं. ‘आपल्या बेळगावात आधी घेऊन बघितलीय माणसांनी,’ असं रिक्षावालेसुद्धा सांगत. अनोळखी औषधावर आपल्या गावचं नाव लागलं की ते ओळखीचं होतं. पुढं 2022 च्या एप्रिलमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठीही करोनाच्या लसींना तातडीची मंजुरी मिळाली, पण सरकारी मोहीम बारा वर्षांच्या खाली उतरली नाही. धाकटीसाठी तो प्रश्न आलाच नाही.

तिच्यासाठी प्रश्न होता तो साध्या, जुन्या, घराघरांत टोचलेल्या लसीचा. आणि तो सुनेनंच नेमका मांडला. चार दिवस तिनं बातम्या वाचल्या, माहेरच्या आशाताईंना फोन केला, आणि मग भाकऱ्या थापता थापता मला म्हणाली, “लस वाईट न्हवती म्हणतात. ठेवण्यात चुकलं म्हणतात. मग आमच्या इथं बाटली कधी फोडली, ते मला कोण सांगणार?”

मी तवा उतरवला. इतक्या दिवसांत एवढा खरा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

गोवर-रुबेलाची बाटली अंगठ्याएवढी असते. आत पाणी नसतं. तळाला वाळलेल्या लसीची पांढुरकी चकती असते. तिच्याबरोबर आलेलंच द्रावण त्यात घालायचं, दुसरं कुठलंही नाही. टोपणावर एक जांभळट वर्तुळ आणि वर्तुळात फिकट चौकोन असतो. बाटलीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. वर्तुळाइतका गडद झाला की ती बाटली बाद. दोन ते आठ अंशांच्या शीतपेटीतून बर्फाच्या डब्यात आणि डब्यातून अंगणवाडीत येईपर्यंत तिला किती ऊन लागलं हे तो चौकोन न बोलता सांगतो. पण द्रावण घातल्यानंतरचं तो काही सांगत नाही. या लसीत जंतू मारणारं औषध घालत नाहीत, कारण त्यानं लसीतला जिवंत विषाणूच मरेल. म्हणून भिजवलेली लस चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. दुसऱ्या दिवसासाठी ठेवली तर आत शिरलेले जंतू वाढतात, विष तयार करतात, आणि ते बाळाच्या अंगात गेलं की काही तासांत वांत्या, जुलाब, आणि लेकरू गार पडतं. बाटली कधी फोडली, हे फक्त ती फोडणारा हातच जाणतो. त्या हातानं लेबलवर वेळ लिहिली तर दुसऱ्यालाही कळतं.

हा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना आहे. 1897 च्या 10 जानेवारीला मुंबईत वॉल्डेमर हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. प्लेग लवकरच आमच्या भागात उतरला. बेळगाव-धारवाड जिल्ह्यांची त्यानं दैना केली. माझी आजी सांगायची, घरात उंदीर पडला की गाव सोडायचं, माळावर खोपटं घालून राहायचं, आणि रोज सकाळी आजूबाजूच्या खोपटांतून धूर निघतो का ते बघायचं. हुबळीत 1898 साली हजारोंनी लस घेतली आणि तिचा गुण लोकांनी डोळ्यांनी पाहिला. मग 1902 च्या ऑक्टोबरअखेर पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं मेली. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पदावरून दूर व्हावं लागलं. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट पुढं आली, पण तिचा नीट विचार व्हायला वर्षं गेली. 1907 मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठं हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला. तोवर प्लेगनं लाखो माणसं नेली होती, आणि लस न घेता गेलेल्यांत मुल्कोवालच्या भीतीनं मागं राहिलेली किती, ते कधीच मोजलं गेलं नाही. एका गावी पडलेला चिमटा इतक्या लांबवर पोचतो. म्हणून सालहळ्ळीची तीन बाळं मला ‘दुर्मीळ घटना’ या शब्दांत बसवता येत नाहीत. ती आमचीच होती.

आणि तरीही मी लसीच्याच बाजूची आहे, आणि त्याचं कारण बेळगावातच आहे. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर आज लोक सकाळी फिरायला जातात. जुनी झाडी, मोकळं मैदान, पोरांचं क्रिकेट. त्या आवारात एके काळी देवीची लस तयार होत असे. रेडकाची कूस भादरून, तिथं ओरखडे काढून लस चोळायची, पाच-सहा दिवसांनी उठलेला पुळ्यांचा थर खरवडून घ्यायचा. ती पातळ लस आमच्या उन्हात टिकत नसे. पुढं गोठवून, सुकवून पूड करायची रीत आली, आणि भारतात ज्या चार ठिकाणी ती बनू लागली त्यांत पटवाडांगर, गिंडी आणि हैदराबादच्या जोडीनं बेळगाव होतं. 1974 सालीदेखील या देशात देवीचे पावणेदोन लाखांहून अधिक रोगी होते. पुढच्या वर्षाच्या मेनंतर एकही नवा सापडला नाही. माझ्या आजीचा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला होता, तिची दोन भावंडं त्यातच गेली होती. माझ्या दंडावर आहेत ते फक्त गोल वण. दातेरी चकती कातडीवर टेकवून फिरवत, पोरं किंचाळत, ते मला अजून आठवतं. सुनेच्या दंडावर तेही नाहीत. तिला देवीची लस घ्यावीच लागली नाही. तीन बायका एका स्वयंपाकघरात उभ्या केल्या तर हा एवढा प्रवास नुसत्या कातडीवर वाचता येतो.

हे मी सुनेला सांगितलं, पण त्यानं तिचा प्रश्न सुटला नाही, आणि सुटायलाही नको होता. देवी गेली ती टिळकवाडीत बनलेल्या लसीनं गेली, हे खरं. तिच्या मुलीच्या दंडात जाणारी बाटली कोण, कधी, कुठं फोडणार, हेही तितकंच खरं. आम्हा शिकलेल्यांची सवय अशी, की शंका घेणाऱ्या आईला आपण विज्ञानाची महती सांगतो. तिला हवी असते त्या सकाळची, त्या डब्याची, त्या हाताची खात्री. ती देणं हे उपकार नव्हेत. रामदुर्गनंतर प्रत्येक उपकेंद्रावर कुणीतरी आयांसमोर उभं राहून, काय झालं आणि आता आम्ही काय करतो, हे त्यांच्या बोलीत सांगायला हवं होतं. निलंबनाच्या बातमीनं ते काम होत नाही.

फेब्रुवारीत लसीच्या दिवशी आम्ही दोघी अंगणवाडीत गेलो. भिंतीवर कन्नड मुळाक्षरं, खाली मराठीत बोलणाऱ्या बाया. एरवी भरणारी खोली अर्धी रिकामी होती. नर्सबाई निळ्या डब्याशी बसल्या होत्या. सुनेनं दोन्ही कार्डं पुढं केली आणि सरळ विचारलं, “सिस्टर, बाटली कधी फोडली?”

मला वाटलं, बाई चिडतील. त्या गेला महिनाभर गल्लोगल्ली शिव्या खात होत्या. त्यांनी डब्यातून बाटली काढली, सुनेच्या तळहातावर ठेवली. “न्हाई फोडली अजून. बघा की. चौकोन बघा, तारीख बघा.” सुनेनं ती उजेडाकडे धरून निरखली. तळाशी चकती कोरडी होती. मग बाईंनी तिच्यासमोर द्रावण घातलं, बाटली हलकेच फिरवली, आणि पेन काढून लेबलवर वेळ लिहिली. दहा वाजून वीस. नातीनं उजव्या दंडावर सुई बसताच गल्ली डोक्यावर घेतली. “अर्धा तास बसायचं हितंच,” बाई म्हणाल्या, आणि ताप आला तर काय करायचं, रात्री काही वेगळं वाटलं तर कुणाला फोन करायचा, ते सांगून नंबर कार्डावर लिहून दिला.

रडं थांबल्यावर सुनेनं विचारलं, “यात अजून किती पोरांची लस आहे?”

“चौघांची. सव्वादोनपर्यंत आली तर आली. न्हाईतर टाकायची.”

आमच्या मागच्या गल्लीत एक विडी कामगार बाई राहते. तिचा मुलगा अकरा महिन्यांचा. सुई दिली की पोर रात्रभर तापतं, मांडीवरचं सूप खाली ठेवावं लागतं, हजार विड्या भरत नाहीत आणि मजुरी तुटते, त्यात रामदुर्ग. ती आली नव्हती. अर्धा तास होताच सुनेनं मुलीला माझ्या मांडीवर दिलं, चपला घातल्या आणि म्हणाली, “आई, तुम्ही बसा हिला घेऊन. मी तिला घेऊन येतो. आज रात्री तिचं पोर मी सांभाळतो म्हणून सांगतो.”